साडेअकरा सेंटिमीटर

अंगठ्यापासून सुरुवात करू. मुलाला आईच्या मांडीवर बसवायचं, त्याच्या दोन्ही पावलांवर वरून आपले अंगठे टेकवायचे, बेताचा दाब द्यायचा आणि तीन सेकंद मोजायचे. घाईत तीन सेकंदांचा एकच होतो, म्हणून प्रशिक्षणात ‘एकशे एक, एकशे दोन, एकशे तीन’ असं सावकाश म्हणायला लावतात. मग अंगठे उचलायचे. दोन्ही पावलांवर खळगे तसेच राहिले तर मोजमापाची गरज उरत नाही. मूल कितीही गुबगुबीत दिसो, वजनकाटा काहीही सांगो, ते अतितीव्र कुपोषित आहे. एकाच पावलावर खळगा पडला तर पाय मुरगळला असेल किंवा काटा रुतून पिकला असेल. दोन्हीकडे पडला तर पाणी सगळ्या अंगात साचलंय.

या तपासणीला वीज लागत नाही, रक्त लागत नाही, कागदसुद्धा लागत नाही. आणि ती करणारी बाई फारशी न शिकलेली, त्याच गावची, त्याच बोलीत बोलणारी असते. बांगलादेशात, मलावीत, दक्षिण सुदानमध्ये आणि आपल्याकडे मेळघाटात हे काम अशाच बाया करतात. एका अतिशय गुंतागुंतीच्या आजाराची पारख इतक्या साध्या हालचालींत मावते, ही गोष्ट मला कितीही वेळा वाचली तरी चकित करते.

(सूज का येते, हे कोडं वेगळंच. मलावीत एकाच आईची, एकाच ताटात जेवणारी जुळी मुलं पाहण्यात आली, ज्यांतल्या एकाला सूज होती आणि दुसरं ठणठणीत. २०१३ साली जेफ्री गॉर्डन यांच्या गटाने अशा जुळ्यांच्या आतड्यांतले जंतू जंतुमुक्त उंदरांत सोडले आणि उंदरांना मलावीतला मक्याचा आहार दिला. आजारी भावंडाचे जंतू मिळालेल्या उंदरांचं वजन झपाट्याने घटलं. म्हणजे भूक एकट्या ताटावर ठरत नाही, पोटात कोण राहतं यावरही ठरते.)

अंगठ्यानंतर येते ती पट्टी. अंगणवाडीत हिला दंडघेर मोजायची पट्टी म्हणतात. खांदा आणि कोपर यांच्या बरोबर मध्यावर दंडाभोवती गुंडाळायची. साडेअकरा सेंटिमीटरच्या आत घेर आला तर लाल, साडेअकरा ते साडेबारा पिवळा, त्यापुढे हिरवा. लाल म्हणजे ‘सॅम’ (अतितीव्र कुपोषण), पिवळा म्हणजे ‘मॅम’ (मध्यम कुपोषण). ही इंग्रजी आद्याक्षरं आता गावोगावच्या बोलण्यात नावासारखी रुळली आहेत.

आता नवल बघा. हा साडेअकराचा आकडा सहा महिन्यांच्या बाळाला लागू आहे आणि पाच वर्षांना टेकलेल्या मुलालाही. एवढ्या काळात मुलाचं वजन दुपटीहून जास्त वाढतं, उंची हातभर वाढते, आणि मोजपट्टी मात्र एकच! याचं कारण असं की पहिल्या वाढदिवसानंतर पाचव्यापर्यंत दंडाचा घेर जेमतेम एक-दोन सेंटिमीटरच वाढतो. बाळसं उतरत जातं, त्या जागी स्नायू येतो, बाहेरून फरक फारसा दिसत नाही. जी थोडी वाढ होते तिच्यामुळे लहान बाळं लाल रंगात जरा जास्त सापडतात. संख्याशास्त्रज्ञाला हा दोष वाटेल, पण तोच पथ्यावर पडतो, कारण मूल जितकं लहान तितका मृत्यूचा धोका मोठा. लहान मुलाच्या अंगाच्या मानाने मेंदू खूप मोठा असतो आणि तो उपाशी राहू शकत नाही. त्याला पोसायचं तर स्नायू मोडून इंधन काढावं लागतं. दंडातला स्नायू म्हणजे ती शिल्लक, आणि पट्टी ती शिल्लक मोजते. आणखी एक फायदा: जुलाबांनी पाणी गेलं की वजन एका दिवसात घसरतं आणि फसवतं. दंडाचा घेर तसा पटकन हलत नाही.

पट्टीचा जन्म कुठल्या प्रयोगशाळेत झाला नाही. १९६० च्या दशकाच्या शेवटी नायजेरियातल्या बियाफ्रा युद्धात क्वेकर पंथाच्या मदतनीसांनी एक काठी वापरली. काठीवर उंचीच्या खुणांच्या जागी दंडघेराचे आकडे होते. मुलाचा दंड मोजायचा, मग त्याला काठीशी उभं करायचं. मूल आपल्या दंडाच्या खुणेपेक्षा उंच निघालं तर ते खंगलेलं. गणित करायची गरजच नाही. याच काठीने बांगलादेशातल्या मतलब भागात आल्फ्रेड सॉमर आणि सहकाऱ्यांनी हजारो मुलं मोजली आणि बारीक दंडाच्या मुलांत मृत्यू कितीतरी जास्त होतात हे १९७५ साली दाखवलं. त्याच्या आदल्या वर्षी बगदादचे अदनान शकीर आणि लंडनचे डेव्हिड मॉर्ली यांनी तीन रंगांची पट्टी मांडली होती. तेव्हा अशा पट्ट्या जुन्या एक्स-रे फिल्म धुऊन, कापून, रंगवूनही बनवत. रंगांच्या सीमा पुढे बदलल्या, रंग मात्र तेच राहिले.

इथवरचा भाग सोपा होता. लाल रंग दिसल्यावर करायचं काय, हा प्रश्न वैद्यकाला अनेक दशकं छळत होता, आणि त्याचं पहिलं उत्तर भयंकर होतं: मुलाला रुग्णालयात नेलं, खाऊ घातलं, आणि ते दगावलं.

दुष्काळात घर आधी दागिने विकतं, मग भांडी, मग बैल, आणि अगदी शेवटी बियाणं. उपाशी शरीराचा व्यवहारही तसाच. आधी चरबी जाते, मग स्नायू, आणि मग चालू खर्चाला कात्री लागते. प्रत्येक पेशीच्या आवरणात सोडियम बाहेर फेकणारे आणि पोटॅशियम आत ओढणारे पंप असतात. शरीर नुसतं पडून असलं तरी त्याच्या ऊर्जेचा मोठा वाटा या पंपांवर जातो. उपासमारीत हे पंप मंदावतात. सोडियम आत साचतो, पोटॅशियम गळत राहतो. हृदयाचा स्नायू पातळ होतो, यकृताला साखर तयार करणं जमेनासं होतं, आतड्याचं अस्तर झिजतं. ताप आणणंसुद्धा शरीराला परवडत नाही. न्यूमोनिया झालेलं असं मूल हाताला गार लागतं, आणि आई म्हणते, ‘ताप नाही, बरं आहे.’

अशा शरीरात एकदम पोटभर अन्न पडलं की इन्सुलिन उसळतं. साखरेबरोबर फॉस्फेट, पोटॅशियम, मॅग्नेशियम रक्तातून पेशींत ओढले जातात, रक्तातली त्यांची पातळी कोसळते आणि हृदय थांबू शकतं. सलाइन लावलं तर तो जादा पाण्याचा भार हृदयाला पेलत नाही. रक्त कमी म्हणून लोह दिलं तर सुरुवातीच्या दिवसांत त्याने संसर्गाला बळ मिळू शकतं. मायेपोटी केलेली प्रत्येक गोष्ट उलटू शकते. १९९६ साली क्लेअर स्कोफील्ड आणि अ‍ॅन अ‍ॅशवर्थ यांनी जगभरातल्या रुग्णालयांच्या पाच दशकांच्या नोंदी चाळल्या. अतितीव्र कुपोषित मुलांतला मृत्युदर वीस ते तीस टक्क्यांच्या आसपास अडकून पडलेला होता. या पन्नास वर्षांत माणूस चंद्रावर जाऊन आला होता!

उपाय निघाला तो संयमाचा. पहिले काही दिवस दर शंभर मिलिलीटरमागे ७५ कॅलरींचं सौम्य दूध, थोडं थोडं, रात्रीसुद्धा, अंग ऊबदार ठेवणं, प्रतिजैविक, लोह नंतर. शरीर सावरलं की १०० कॅलरींचं दूध. १९९९ साली जागतिक आरोग्य संघटनेने हे दहा पायऱ्यांत बांधलं आणि जिथे या पायऱ्या नेटाने पाळल्या गेल्या तिथे मृत्यू घटले. पण खाट तर हवीच, आणि ती तीन-चार आठवडे. घरी आणखी दोन लेकरं, उभं पीक, बुडणारी मजुरी. आई किती दिवस थांबणार? आणि खाटांना खाट लागलेल्या वॉर्डात एकाचा गोवर दुसऱ्याला होणार तो वेगळाच.

१९९६ मध्येच फ्रान्समध्ये आंद्रे ब्रिआँ हे बालआहारतज्ज्ञ आणि मिशेल लेस्कान हे अन्न-अभियंते एका पेस्टपाशी पोचले. शंभर कॅलरींच्या त्या दुधातल्या पावडरीचा काही भाग काढून शेंगदाण्याचा लगदा घातला. तेल, साखर, जीवनसत्त्वं, खनिजं होतीच. पाणी मात्र अजिबात नाही. खरी युक्ती तीच. पाण्यात कालवलेलं दूध खेड्यातल्या उन्हात दोन-तीन तासांत जंतूंचं घर होतं. कोरड्या, तेलकट पेस्टमध्ये जंतूंना वाढता येत नाही. शिजवायला नको, चूल नको. ९२ ग्रॅमच्या एका पाकिटात ५०० कॅलरी. पाच किलोच्या मुलाला दिवसाला साधारण दोन पाकिटं पुरतात.

२००० साली दक्षिण इथिओपियात दुष्काळ होता. डॉक्टर स्टीव्ह कॉलिन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथे १७० अतितीव्र कुपोषित मुलांना भरती न करता घरी ठेवून उपचार दिले: आठवड्याला तपासणी, पाकिटं, प्रतिजैविक. तोवरच्या शहाणपणाला हा आततायीपणा वाटला असणार. ८५ टक्के मुलं बरी झाली, ४ टक्के दगावली. २००७ साली संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांनी एकत्र पत्रक काढून ही पद्धत जगासाठी मान्य केली.

लोक पाकिटाचं कौतुक करतात, आणि ते करावंच. मला मात्र त्याच्या आधीची पायरी जास्त विलक्षण वाटते: कुठलं मूल घरी ठेवायचं आणि कुठलं रुग्णालयात धाडायचं, ही निवड. घरी ठेवायच्या मुलाला रुग्णालयात पाठवलं तर आई वाटेतूनच परत फिरते. रुग्णालयात पाठवायच्या मुलाला घरी ठेवलं तर ते हातचं जातं. मोठ्या दवाखान्यात हा निर्णय घ्यायला रक्तातले क्षार, साखर, छातीचा एक्स-रे असं सगळं मागवतील. गावात पट्टी धरणाऱ्या ताईकडे त्यासाठी काय आहे?

तिच्याकडे भूक चाचणी आहे. शांत कोपरा बघायचा, आईने हात धुवायचे, मुलाला मांडीवर घ्यायचं आणि पेस्ट द्यायची. जबरदस्ती नाही, नाक दाबून भरवणं नाही. सोबत प्यायला पाणी. घाबरलेलं मूल आधी तोंड फिरवतं, म्हणून अर्धा तास, कधी तासभरही थांबायचं. वजनानुसार ठरलेला किमान वाटा मुलाने आपणहून खाल्ला तर चाचणी पास. बस, इतकंच. पण या इतक्यात काय काय मोजलं गेलं ते बघा. रक्तात संसर्ग मातला असेल, यकृत थकलं असेल, क्षार बिघडले असतील, तर सगळ्यात आधी भूक मरते. जे मूल हावरेपणाने खातं, त्याच्या आतली यंत्रणा अजून चालू आहे. ज्या गोष्टी मोजायला शहरात पाच नळ्या रक्त काढतात, त्यांचा एकत्रित निकाल ते मूल चाटूनपुसून किंवा तोंड फिरवून देऊन टाकतं. जोडीला धोक्याची लक्षणं: काहीच पीत नाही, सगळं ओकतं, झटके आले, सुस्त पडलंय, श्वास घेताना छाती आत ओढली जाते, अंग गार पडलंय. यांपैकी एकही दिसलं तर चर्चा नाही, थेट रुग्णालय.

आणि जे घरी राहतं त्यालाही पाकिटांबरोबर काही दिवस प्रतिजैविकाचं औषध, कारण त्याचा संसर्ग तापाने बोलत नाही. मलावीत अडीच हजारांहून जास्त मुलांवर झालेल्या चाचणीत, औषध न मिळालेल्यांत ७.४ टक्के दगावली आणि अमॉक्सिसिलिन मिळालेल्यांत ४.८ टक्के.

या बायांना शिकवतात कसं, हा भाग मला स्वतःला फार आवडतो. पट्टी गुंडाळणं दिसतं सोपं, पण हात आपोआप पट्टी आवळतो. दोन मिलिमीटर आवळली की पिवळं मूल लाल झालं. सैल सोडली की लाल मूल पिवळं होऊन घरी गेलं. म्हणून प्रशिक्षणात दहाएक मुलं गोळा करून प्रत्येकीला त्यांचे दंड मोजायला लावतात, आणि थोड्या वेळाने तेच दंड पुन्हा. पहिले आकडे बघायचे नाहीत. स्वतःच्याच दोन आकड्यांत किती अंतर पडलं, प्रशिक्षकाच्या आकड्यापासून किती पडलं, हे मग फळ्यावर येतं. आपला हात कुठल्या बाजूला चुकतो हे तिला कळतं, आणि एकदा कळलं की हात सुधारतो. दंडाचा मध्य काढायला कोपर काटकोनात वाकवून खांद्याच्या हाडापासून कोपराच्या टोकापर्यंत दोरा धरतात आणि तो दुमडतात. मोजताना मात्र हात सैल लोंबता हवा.

शिकलेल्या बाया काय करू शकतात याचा सुंदर दाखला बांगलादेशातल्या भोला जिल्ह्यात मिळतो. २००९-१० मध्ये तिथल्या बुऱ्हाणुद्दीन उपजिल्ह्यात गावातल्या आरोग्यसेविकांनी स्वतः मुलं शोधली, निवडली आणि घरी उपचार केले. सुमारे ९२ टक्के मुलं बरी झाली. मृत्यू हजारात एक. तुलनेसाठीच्या उपजिल्ह्यात मुलं शोधून सरकारी रुग्णालयात पाठवली जात होती. पुष्कळ कुटुंबं तिथे गेलीच नाहीत. उपचार शास्त्रशुद्धच होता, फक्त तो घेण्याजोगा नव्हता.

दक्षिण सुदानमध्ये याहून पुढची अडचण होती. कामाला तयार असलेल्यांपैकी अनेकांना वाचता-लिहिता येत नव्हतं. इंटरनॅशनल रेस्क्यू कमिटीने अवजारंच बदलली. पट्टीवर आकड्यांऐवजी रंगांचे जास्त टप्पे केले, म्हणजे दर आठवड्याला दंड एका रंगातून पुढच्या रंगात सरकतोय का हे दिसेल. वजनकाट्यावर किलोंऐवजी रंगीत भाग आखले. काटा ज्या भागात थांबला त्यावरून किती पाकिटं द्यायची ते कळतं. नोंदवहीत अक्षरांऐवजी चित्रं. अशा कार्यकर्त्यांनी हाताळलेल्या मुलांपैकी सुमारे तीन चतुर्थांश बरी झाली. निरक्षर माणसाला शिकवण्याऐवजी निरक्षर माणसाला वाचता येईल असा तराजू बनवणं, यात मला अभियांत्रिकीचा उत्तम नमुना दिसतो.

आपल्याकडे येऊ. १९९२-९३ मध्ये जव्हारच्या वावर-वांगणीतल्या बालमृत्यूंनी आणि त्याच सुमारास मेळघाटातल्या मृत्यूंनी महाराष्ट्र हादरला होता. २००५ साली औरंगाबादेत राजमाता जिजाऊ माता-बाल आरोग्य व पोषण मिशन उभं राहिलं. पुढे तीन पायऱ्यांची जी रचना रुळली तिच्यात वर सांगितलेली निवडच आहे: गुंतागुंत नसलेलं सॅम बालक अंगणवाडीतल्या ग्राम बालविकास केंद्रात तीस दिवस, त्याहून आजारी असलेलं बाल उपचार केंद्रात, सगळ्यात गंभीर पोषण पुनर्वसन केंद्रात. ग्राम बालविकास केंद्रात सेविका आणि मदतनीस दिवसातून अनेकदा थोडं थोडं भरवतात. पेस्टही परकी राहिली नाही. मुंबईत सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात शेंगदाणा, दूध पावडर, साखर आणि तेलाची औषधी पेस्ट बनते. विकतचं पाकीट द्यावं की घरचं अन्न, यावर आपल्याकडे बरीच वर्षं भांडण आहे. दोन्ही बाजूंत तथ्य आहे, पण भांडणाच्या आवाजात निवड आणि पाठपुरावा हा मुद्दा बुडतो असं माझं मत. ढाक्यात तर आणखी वेगळी दिशा सापडते आहे: हरभरा, सोया, शेंगदाणा आणि कच्ची केळी यांचा आहार. कॅलरी कमी असूनही मध्यम कुपोषित मुलांचं वजन त्याने जास्त वेगाने वाढलं, कारण आतड्यातले उपयोगी जंतू त्याने पोसले गेले.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची २५.६ टक्के मुलं उंचीच्या मानाने बारीक आढळली, १०.९ टक्के अतिबारीक. हे वजन-उंचीचं मोजमाप आहे. पट्टीने मोजलं की आपल्याकडे आकडा बराच खाली येतो, आणि दोन्ही मोजमापांत सापडणारी मुलंही पूर्णपणे तीच नसतात. वयाने मोठं, उंच, काटकुळं मूल पट्टीच्या हातून निसटू शकतं. त्यामुळे अंगणवाडीत काटा आणि उंचीफळी लागणारच. पट्टीवर जीव असला तरी हे कबूल करायला हवं.

आणि एक गोष्ट खटकते. सेविकेने लाल बालकं जास्त दाखवली की प्रश्न तिलाच विचारले जातात: तुमच्याच गावात एवढी कशी? मग आकडे सौम्य होऊ लागतात. हात मिलिमीटरपर्यंत तयार करायचा आणि खरं मोजल्याबद्दल कान उपटायचे, यात प्रशिक्षण वाया जातं. तिच्या मानधनाबद्दल तर बोलायलाच नको. मोबाइलवरच्या ‘पोषण ट्रॅकर’मध्ये नोंदी भरण्यापासून निवडणुकीच्या याद्यांपर्यंतच्या कामांतून उरलेल्या वेळात ती तासभर भूक चाचणीला बसणार कधी?

यावर नायजर देशातून एक उत्तर आलं आहे. झिंदेर भागात अलिमा या वैद्यकीय संस्थेने पट्टी थेट आयांच्या हातात दिली. दोऱ्याने मध्य काढायची भानगड नाही, नजरेने काढा. डावा हात की उजवा, तेही सोडा. थोडक्या प्रात्यक्षिकानंतर आयांचे निकाल आरोग्य कार्यकर्त्यांच्या जवळपास आले, आणि चुका बहुतेक रंगांच्या सीमेवरच्या होत्या. आई हवं तेव्हा मोजू शकते. कार्यकर्ती महिन्यातून एकदा येते. त्यामुळे मुलं लवकर सापडली, दंड फार बारीक व्हायच्या आत आली, आणि रुग्णालयात भरती करावी लागणारी मुलं कमी झाली. कार्यकर्तीचा शोधाशोधीतला वेळ वाचला तो उपचारात गेला.